ससेक्समधल्या वाण्याच्या दारात

लंडनहून रेल्वेने लुईस आणि तिथून पुढे बसने ईस्ट होथली. गाव एवढंसं. चर्चच्या दाराशी दगडात पट्ट्याचं बक्कल कोरलंय, ती पेल्हॅम घराण्याची खूण. याच घराण्यातला ड्यूक ऑफ न्यूकॅसल इंग्लंडचा पंतप्रधान झाला. पण मी आले होते थॉमस टर्नर या दुकानदाराचं घर बघायला.

१७५४ ते १७६५ या काळात टर्नरने रोजनिशी लिहिली, म्हणून तो आपल्याला माहीत. चहा, साखर, कापड, टोप्या, बंदुकीची दारू, सगळं एकाच छपराखाली. शिवाय चिंध्या विकत घ्यायच्या आणि कागदवाल्यांना विकायच्या. गावात सुट्ट्या नाण्यांची चणचण, त्यामुळे धंदा बहुतेक उधारीवर. उधारी थकली की हा रात्री वहीत कुढत बसणार. वाणी कुठलाही असो, हे दुखणं तेच!

मला सगळ्यात गंमत वाटली ती मयताच्या सामानाची. तिथे अंत्ययात्रेला आलेल्यांना हातमोजे आणि टोपीला बांधायच्या काळ्या फिती वाटायची रीत होती. कोणाला उंची, कोणाला साधे, हे माणसाच्या मानाप्रमाणे. माल टर्नरचा आणि वाटपाच्या वेळी हजरही तोच. १७६१ साली, म्हणजे आपल्याकडे पानिपत झालं त्याच वर्षी, त्याची बायको पेगी गेली. लग्न झाल्यापासून वहीत तिच्या नावाने कुरकुर करणारा हा माणूस नंतर पानोपानी तिच्यासाठी हळहळतो.

एकदा गावातल्या खाणावळीत कोणी फेरीवाला गाडीभर कापडचोपड आणि चांदीच्या वस्तू घेऊन दोन दिवसांचा सेल लावायला आला. टर्नरचा जळफळाट झाला. नव्याची हौस इंग्रजांना फार, त्यातून ससेक्सवाल्यांना तर विचारूच नका, असं काहीसं त्याने लिहून ठेवलंय. चहाच्या अतिरेकाने लोकांची नीती बिघडली, असंही तोच लिहितो. चहा विकणारा!

घरावर त्याच्या नावाची पाटी आहे, पण आत लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. रोजनिशीची मूळ हस्तलिखितं इथे शोधू नका, ती अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.