तुम्ही विचारलंत म्हणून: क्योटोत एकच दिवस असेल तर?

ओसाकात राहायला आल्यापासून दिवाळी संपली की कुणा ना कुणा नातेवाइकांचा फोन येतोच. "नोव्हेंबरच्या शेवटी येतोय, क्योटोला एकच दिवस आहे. लाल पानं कुठे बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. देवळांची यादी बाजूला ठेवा. सकाळी क्योटोच्या पश्चिमेच्या कामेओका शहरात जा आणि होझु नदीतून नावेने खाली, क्योटोच्या कडेला असलेल्या अराशियामाला या.

जाताना तोरोक्को नावाच्या छोट्या गाडीने जा. 1989 साली नवा लोहमार्ग बोगद्यांतून गेला आणि नदीकाठचा जुना मार्ग रिकामा पडला. त्यावर 1991 पासून ही गाडी धावते. 7.3 किलोमीटर, साधारण 25 मिनिटं. छान आहे, पण गाडीतून दरी वरून दिसते आणि झाडं झपाझप मागे पडतात.

नाव 16 किलोमीटर जाते, जवळजवळ दोन तास. पाणी जास्त असेल तर सोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. शरदातल्या सकाळी कामेओकाच्या खोऱ्यात दाट धुकं साचतं. ते विरलं की दोन्ही काठांचे डोंगर उघडे होतात: सुरूसारख्या उंच हिरव्या झाडांमध्ये मोमिजीचे, म्हणजे जपानी मेपलचे, लाल, केशरी, पिवळे पट्टे. रात्री गार पडल्या की पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि लाल रंग तयार होतो. आपल्या सह्याद्रीत लाल पान म्हणजे चैत्रातली कुसुमाची, पिंपळाची कोवळी पालवी. इथे तोच रंग निरोपाचा. पहिल्या वर्षी मला हे फार लागलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन गेलो. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. नावेत बसल्यापासून त्यांचं पानांकडे लक्षच नव्हतं, ते नावाड्यांकडे बघत होते. पुढे एकजण लांब बांबू घेऊन उभा, मध्ये वल्ही, मागे सुकाणू, आणि थोड्या थोड्या वेळाने जागांची अदलाबदल. खळाळ आला, नाव कातळाच्या दिशेने ओढली गेली, तसा पुढच्याने बांबू खडकावर टेकवून तिला बाजूला सारलं. बाबांनी माझा हात दाबला. "बघ, खळगा आहे तिथे." खरंच होता. चारशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या नावाड्यांनी बांबू त्याच जागी टेकवलाय, त्याने दगड झिजलाय.

ही वाट माणसांनी केलेली आहे. क्योटोचा व्यापारी सुमिनोकुरा र्‍योई याने 1606 साली पात्रातले खडक फोडून घेतले, म्हणून नदीच्या वरच्या अंगाच्या तांबा प्रांतातलं लाकूड, तांदूळ, कोळसा शहरात उतरू लागला. नावा खाली यायच्या प्रवाहाने. परत न्यायच्या म्हणजे नावाडी काठाकाठाने दोर खांद्यावर घेऊन ओढत. त्या दोरांच्या खाचाही काही खडकांवर आहेत. आता नावा फायबरच्या आहेत आणि ट्रकवर चढून परत जातात.

शेवटच्या टप्प्यात खाऊची होडी येऊन आपल्या नावेला चिकटते. तांदळाच्या पिठाचे गरम दांगो घ्या, बोटं गारठलेली असतात.

तोगेत्सुक्यो पुलाजवळ उतरलात की गर्दी दिसेल. तिच्यात अडकू नका. दक्षिणेच्या काठाने नदीच्या वरच्या अंगाला चालत जा, मग पायऱ्या चढा. वर दाइहिकाकु सेन्कोजी हे छोटं देऊळ आहे. नदी खोदताना जे कामगार दगावले, त्यांच्यासाठी र्‍योईने इथे प्रार्थनेची सोय केली. त्याची लाकडी मूर्ती आत आहे: हातात दगड फोडायचं हत्यार, आणि बैठक म्हणजे दोराचं वेटोळं.

बाबा मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले. खालून नदीचा आवाज येत होता. मग हलक्या आवाजात म्हणाले, "दोर नीट गुंडाळलाय."