दादाच्या नावाचा मेळावा

दर जानेवारीत शाळेच्या पटांगणात आमच्या मंडळाचा मेळावा होतो, पण आता गावात कुणीबी त्याला दादाचा मेळावाच म्हणतं. दादा आमच्याहून दोन वर्गं पुढं. पाऊस पडून गेला की सायकलवर डबलसीट बसवून धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या पांढरीवर, म्हंजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर न्यायचा, उघडे पडलेले मणी, खापरं दाखवायचा, आणि उचलू द्यायचा नाही, बघायचं अन् जागेवर ठेवायचं. पुढं ग्रीक-रोमन पुरातत्त्व शिकला. तिशीच्या आत गेला.

मित्रांनी पाच-पाचशे काढले, काकूंनी त्याच्या फेलोशिपचे राहिलेले पैसे घातले, असा स्मृतिनिधी झाला. व्याजातून एका वर्गाची तेरची सहल निघते, तेवढंच.

पहिल्या वर्षी नुसती भाषणं झाली, लेकरं पार कंटाळली, मला लई वाईट वाटलं कारण दादा कधी कुणाला कंटाळू द्यायचा नाही. मग भाषणं बंदच केली. आता तो सांगायचा तेच आम्ही सांगतो, की इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात आपलं तेर आहे, तगर म्हणून, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथली मलमल गाड्यांत भरून पार भडोचच्या बंदराला जायची. दहा दिवस म्हटलं की लेकरं डोळे मोठे करतात, आमच्याकडून आता गाडीनं काही तासांत पैठण येतं ना.

मग इटलीतल्या पाँपेईची हस्तिदंती बाई. इ.स. 79 मधे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते शहर, तिथं 1938 ला ही भारतातली वीतभर मूर्ती निघाली. नेपल्सच्या म्युझियममधे तिच्यापुढं उभं राहून दादानं रात्री फोटो पाठवला होता. मी लगेच लिहिलं, आपल्या तेरची! कारण तशाच घडणीची एक तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. त्याचं उत्तर आलं, छातीठोक सांगू नको, भोकरदनलाबी तशी सापडलीय, नक्की कुठली ते अजून कळायचंय. एवढ्या आनंदातबी तो खरं तेच बोलला, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो आणि सांगताना घसा दाटतो.

नंतर जेवण. काकू पहाटेपासून धपाटे थापतात, किती नको म्हणा.

यंदा सहलीहून आलेली सातवीतली एक पोरगी काकूंपाशी गेली, म्हणाली, मला निळा मणी दिसला, पण मी तिथंच ठेवला. काकूंनी दादाची वही काढली, पुढच्या पानांवर त्यानं काढलेली खापरांची चित्रं आहेत, मागं दरवर्षीच्या लेकरांची नावं. तिचं नाव विचारलं आणि लिहिलं, शेजारी निळा मणी.