टीसीएल टाकली, पण पिवळा रंग येईना : विहीर शुद्धीकरणाचा माझा अनुभव

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. अंगणात जांभ्यात खोदलेली विहीर, घरचं सगळं पाणी तिच्यावरच. यंदा पावसाने पाणी गढूळ झालं आणि शेजारी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, म्हणून पाणी निवळताच विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरिनयुक्त ब्लीचिंग पावडर, टाकायचं ठरवलं.

हिशेब सोपा आहे. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर खोल. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.785, म्हणजे साधारण 28 घनमीटर, अर्थात 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडून पोहऱ्याने पाणी ढवळायचं.

पावडर गावच्या कार्यालयातून मिळाली. अर्ध्या तासाने ओटी चाचणी केली, म्हणजे नळीत विहिरीचं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीन या औषधाचे थेंब टाकले, तर पाणी जसंच्या तसं. क्लोरिन असेल तर लगेच पिवळा रंग यायला हवा. कार्यालयात सांगितलं, तर उत्तर आलं, "पावडर टाकलीत ना काका? मग झालं." वर रजिस्टर पुढे केलं, 'शुद्धीकरण झाले' असं लिहून सही करा म्हणून. मी सही केली नाही. पिवळा रंग दिसल्याशिवाय करणार नाही, हे तिथेच स्पष्ट सांगितलं.

मग "दुप्पट टाका" हा सल्ला. गढूळ पाणी क्लोरिन खातं हे खरं, त्यामुळे कधी मात्रा वाढवावी लागते. पण दोष पाण्याचा की पावडरचा, हे आधी कळायला नको? घरी उकळून गार केलेल्या पाण्यात तीच पावडर चिमूटभर घातली, ओटीचे थेंब टाकले. ताज्या पावडरने ते गडद केशरी व्हायला हवं होतं. फिकट पिवळंही झालं नाही! पुन्हा जाऊन पोतं बघितलं. तोंड उघडं, ओल्या भिंतीला टेकवलेलं, आत गठळ्या आणि वास जवळजवळ नाहीच. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांपर्यंत क्लोरिन असतो, दमट हवेत तो उडून जातो आणि उरतो चुना. तो दुप्पट टाकून काय होणार? पोत्यातला नमुना तपासायला पाठवा म्हटलं, तर अर्ज द्या, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. माणसं तेच पाणी पितायत आणि यांना रजिस्टर पूर्ण करायची घाई, याचा मला अजून राग येतो.

शेवटी तालुक्याला जाऊन उत्पादनाची तारीख बघून सीलबंद पाकीट आणलं. या वेळी नळीतलं पाणी पिवळं झालं तेव्हा इतकं हायसं वाटलं की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. नळाशी किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरिन राहायला हवा, तेवढा मिळाला. सही त्यानंतर केली, शेजारी पावडरची उत्पादन तारीखही लिहिली.

पावडर कालवताना नाकाला फडकं बांधा, हे आधी सांगायला हवं होतं. तिच्यात फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. चाचणीचं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना द्यायचा असेल, तर बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्यात क्लोरिन मारणारं औषध असतं. नाहीतर वाटेत जंतू मरतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, पत्र्याच्या नको, तो गंजतो.