चावडीच्या भिंतीतला आकडा

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत पांढऱ्या संगमरवराची एक पाटी बसवलेली होती. तिच्याखालच्या कट्ट्यावर बसून आम्ही एस.टी.ची वाट पाहत असू, पण वर मान करून ती नीट वाचावी असे कित्येक वर्षे मनात आले नाही. मजकूर मोजकाच होता : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. याच साच्यातल्या पाट्या इंग्रज सरकारने युद्धानंतर सैन्यभरतीच्या गावांत बसवल्या. सातारा, रत्नागिरीपासून पंजाबपर्यंत त्या आजही आढळतात. शब्द जवळजवळ तेच असतात, बदलतो तो फक्त आकडा. युद्ध १९१८ मध्ये संपल्याचे शाळेत शिकलेले असते, म्हणून पाटीवरचे १९१९ अनेकांना चुकीचे वाटते. प्रत्यक्षात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाली आणि जर्मनीशी तह झाला तो जून १९१९ मध्ये.

आमच्या जिल्ह्यात या स्मृतीचे सर्वांत ठळक गाव म्हणजे अपशिंगे. घरटी एक जवान देणारे गाव म्हणून त्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्मारक उभारले. गावाने ते आपले मानले, म्हणून ते जपले गेले. लहान गावांतल्या पाट्यांच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही.

ही माणसे गेली कुठे, याचे उत्तर बहुतेक वेळा आजच्या इराकमध्ये सापडते. हिंदी सैन्याच्या सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तिग्रिस नदीकाठच्या कूत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्यांना तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपले, शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांतल्या रोगराईत मेले, आणि त्यांना ना चिता मिळाली ना कबर. अशांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक झाले खरे, पण त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली संख्येने नोंदवले गेले. या वागणुकीबद्दल, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. शिवाय १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून बसऱ्याबाहेर सुमारे ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेले गेले. म्हणजे आमच्या गावच्या शिपायाचे नाव तिकडेही नाही आणि इकडच्या पाटीवरही नाही. दोन्हीकडे आकडाच. तरीही तो जिथून निघाला त्या जागेवर उभी असलेली खूण ही एवढीच आहे, आणि म्हणून मला ती मोलाची वाटते.

काही वर्षांपूर्वी चावडी पाडून नवी इमारत बांधायचे ठरले. पाटी काढताना पहार लागून तिचा एक कोपरा तुटला. पुढे ती नव्या भिंतीत सिमेंटने पक्की केली गेली आणि पुसट झालेली अक्षरे कुणीतरी भक्तिभावाने काळ्या ऑइलपेंटने रंगवली. रंग खाचेबाहेर ओघळला आणि एक आकडा चुकीचा वाचला जाऊ लागला. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि त्यामुळेच ते पाहताना अधिक वाईट वाटले.

असे काही घडू नये म्हणून कायदा आहे का, हे मी तेव्हा शोधले. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा असून त्यात किमान शंभर वर्षांची अट आहे, आणि या पाट्या नेमक्या आता शंभरी ओलांडत आहेत. मात्र संरक्षण आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून सरकारने अधिसूचना काढावी लागते, आणि गावोगावच्या पाट्या त्या यादीत जाणे कठीण आहे. गेल्या तरी २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतालच्या शंभर मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. भर गावठाणात हे बंधन आले तर लोक त्या दगडाचा रागच करतील, म्हणून मला ती वाट योग्य वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९२३ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना युद्धस्मारकांच्या देखभालीवर खर्च करण्याचा अधिकार दिला आणि तिथल्या गावांना आपली स्मारके जपायला त्याचा आधार मिळाला. आपल्याकडेही आरंभ ग्रामसभेपासूनच व्हावा : पाटीची नोंद ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत करावी, मापे आणि छायाचित्र सोबत जोडावे, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तिला कुणी हात लावू नये.

दगडाची निगा राखणे अवघड नाही, पण उत्साह आवरावा लागतो. संगमरवराला ॲसिड खाते, म्हणून फरशी धुण्याचे ॲसिड आणि तारेचा ब्रश तिथे चालत नाही. साधे स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पुन्हा बसवायची वेळ आली तर चुन्याचा गिलावा वापरावा, कारण सिमेंटमध्ये ओल कोंडते, तिच्यातले क्षार दगडात उतरतात, आणि पुढे पाटी काढताना ती फुटते.

गावातल्या तरुणांची इच्छा होती की सापडतील ती नावे त्याच पाटीवर कोरून घ्यावीत. मी विरोध केला. जुना दगड जसा आहे तसाच राहिला पाहिजे, कारण त्यावर नावे नसणे हाही इतिहासच आहे. नावांसाठी शेजारी दुसरी पाटी लावावी. शोध आता त्या दिशेने चालू आहे. युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत अनेक शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये गावाचे नाव ओळखू येत नाही, हा मोठा अडथळा. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या वाळवा, तासगाव, खानापूर या भागांतल्या माणसांनी तर आपले मूळ साताऱ्यात शोधले पाहिजे, कारण दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचे सांगली हे नाव पडले १९६० मध्ये. घरात युद्धाचे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. तिथे नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

मृतांच्या घरी पाठवलेली ब्राँझची चकतीही काही घरांत आहे. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर फक्त नाव असते, हुद्दा नसतो, कारण मरणात शिपाई आणि साहेब सारखेच धरले गेले होते. आमच्या आळीतल्या एका घरी ती देव्हाऱ्यात आहे. चार पिढ्यांच्या सुनांनी दर सणाला चिंच लावून ती घासली, त्यामुळे उठावाची अक्षरे झिजली आहेत. डोळ्यांना आता ती वाचता येत नाहीत. घरच्या आजींनी माझे बोट धरून त्या जागेवर फिरवले, तेव्हा नाव बोटाला लागले.