आज ती माझ्याकडे बघून हसली

भाचीची लेक आज ७ आठवड्यांची झाली. गुहागरला ताईकडे आले आहे. माजघरात ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास, आणि झोळीत ती. वाकून "कोण गं तू, कोण गं?" केलं. आधी भुवया वर गेल्या, पाय ताठ झाले, ओठ थरथरले आणि एकदम अख्खं बोळकं उघडलं! डोळेसुद्धा बारीक झाले. भरूनच आलं मला.

गेल्या महिन्यात ती झोपेत हसली की ताई म्हणायची, "सटवाई हसवत्ये हो तिला." ते हसू झोपेत आपोआप उमटतं, समोर कुणी असो-नसो. माणसाच्या चेहऱ्याला उत्तर देणारं हसू साधारण ६ ते ८ आठवड्यांनी येतं. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये मांडलं. आणि जन्मतः न दिसणारी बाळंही आईच्या आवाजाला हसतात. म्हणजे हे नुसतं बघून उचललेलं नव्हे, आतूनच येतं. मला हे फार मोठं वाटतं.

शेजारच्या वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. त्यांचा मुलगा २ महिन्यांचा, अजून हसत नाही. पण तो महिनाभर आधी जन्मलाय! म्हटलं, वहिनी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. ३ महिन्यांपर्यंत नाहीच हसला तर दाखवून या.

त्या ओटीवर बसून कितीतरी वेळ बोटांवर आठवडे मोजत होत्या.