आधी दम बघा, मग रचना ठरवा

पाण्याखालच्या हॉकीत कोणाला कुठे खेळवायचं हे ठरवताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: श्वास घ्यायला वर आलेला खेळाडू किती लवकर पुन्हा खाली जातो. तळाशी कोण जास्त वेळ टिकतो याचं सगळ्यांना कौतुक. पण पाऊण मिनिट खाली राहून नंतर तेवढाच वेळ वर धापा टाकणाऱ्यापेक्षा छोट्या छोट्या डुबक्या सतत मारणारा खेळाडू मला हवा असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५४ साली इंग्लंडमधल्या साउथसीच्या अ‍ॅलन ब्लेकने हा खेळ काढला, हिवाळ्यात क्लबातले पाणबुडे पांगू नयेत म्हणून. प्रत्येक संघाचे ६ जण पाण्यात, ४ राखीव. हातभर नाही, वीतभराहून थोडी मोठी स्टिक, आणि तलावाच्या फरशीवरून सरकणारा सव्वा किलोच्या आसपासचा शिशाचा पक, म्हणजे जाड चकती. गोलकीपर नसतो. तोंडात स्नॉर्कल, त्यामुळे ओरडून काही सांगायची सोयच नाही. म्हणून रचना प्रत्येकाच्या अंगात मुरलेली असावी लागते.

इथे वेलिंग्टनमध्ये आमचा संघ मिश्र आहे. नवे लोक जास्त असले की मी डोळे मिटून ३-३ लावतो. तीन पुढे, तीन मागे, आणि प्रत्येक फॉरवर्डच्या पाठीशी त्याचा स्वतःचा बॅक. एक वर आला की दुसरा खाली. कोणाकडे बघायचं हे पक्कं असतं, त्यामुळे नवखा माणूस गोंधळत नाही. लहानपणी सांगलीकडे कबड्डी खेळलेल्या मला यातली एक गोष्ट लगेच पटली. चांगला चढाईपटू परतीपुरता दम राखून ठेवतो. इथेही छाती भरून येण्याआधीच पक जोडीदाराकडे सरकवायचा असतो. शेवटच्या श्वासापर्यंत पक धरून बसलेला खेळाडू तो हमखास गमावतो.

२-३-१, म्हणजे दोन पुढे, तीन मध्ये, एक मागे, ही रचना मला मनापासून आवडते, पण तिला मधले तिघे तसे दमदार लागतात. हल्ल्यातही तेच, बचावातही तेच. आमच्याकडे शाळेत शिकवणारी एक खेळाडू आहे. वेग बेताचा, फ्लिक (स्टिकने पक दूर उडवणं) साधारण, पण तिच्या डुबक्यांची लय पंधरा मिनिटांच्या अर्ध्या डावात अजिबात बिघडत नाही. ती मध्ये असेल तरच मी २-३-१ चा विचार करतो. मागचा एकटा ‘१’ मात्र वेगळ्या स्वभावाचा हवा. त्याने पकच्या मागे धावायचं नाही. वर तरंगत खालचा खेळ वाचायचा आणि नेमक्या क्षणी उतरायचं. उतावळ्या माणसाला तिथे ठेवलं की मागचा गोल उघडा पडतो. समोरचा संघ वेगवान असेल तर मी सरळ १-३-२ करतो, मागे दोघे असले की एकाला निवांत श्वास घेता येतो.

सगळ्यात वेगाने पोहणाऱ्याला सुरुवातीची धाव द्यावी यात वाद नाही. पक तलावाच्या मधोमध असतो आणि दोन्ही संघ आपापल्या भिंतीला हात लावून सुटतात. पण धाव संपल्यावर त्याला मध्येच सोडू नका, बाजूच्या भिंतीकडे पाठवा. उजव्या हाताने खेळणारा उजव्या भिंतीलगत गेला की पक भिंत आणि शरीर यांच्यामध्ये सुरक्षित राहतो. डाव्या बाजूला हेच काम डावखुरा करतो. म्हणून संघात डावखुरा आला की मला फार आनंद होतो. त्याच्यासाठी मी पूर्ण रचना हलवायला तयार असतो.

येत्या सामन्यात आमचे दोन राखीव कमी आहेत. म्हणजे मधल्या तिघांना बाहेर काढून विश्रांती देणं अवघड. तेव्हा पहिला अर्धा डाव ३-३ नेच. मध्यंतरात शिक्षिकाबाईंचा श्वास कसा आहे ते बघेन, आणि बाकीच्या दोघांनीही मान डोलावली तरच दुसऱ्या अर्ध्यात २-३-१ वर जाऊ.