आमची वाटचाल : पायाचा ऑर्गन, संगीत नाटक आणि सिनेमाचे दोन हंगाम

मिरजेची तंबोरे-सतारी करणारी घराणी सगळ्यांना ठाऊक आहेत. आमचं दुकान त्याच भागात, पण आम्ही तारेचे नाही, सुराचे कारागीर. आमच्या भाषेत सूर म्हणजे पेटी-ऑर्गनमध्ये हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभही. पायाचे ऑर्गन आणि पेट्या दुरुस्त करणं, त्यांचे सूर लावणं, संगीत नाटकाला ऑर्गन भाड्याने देणं आणि हवा असेल तर सोबत साथीदारही पाठवणं, हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. आजोबा एका फिरत्या नाटक कंपनीत साथीला होते. कंपनी बसली तेव्हा थकलेल्या पगारापोटी मालकाने त्यांच्या हवाली एक अमेरिकन ऑर्गन केला, मेसन अँड हॅमलिनचा. तोच आमचा ‘थोरला’. दुकान त्याच्याभोवती उभं राहिलं. वडिलांच्या काळात काम बारा महिने होतं, त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

थोरल्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, या ऑर्गनचा भाता ती आत ओढतो, आणि त्यामुळे आवाजाला जी गोलाई येते ती पेटीतून काढून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. गुडघ्याने दाबायच्या पट्टीवर आवाज फुलतो आणि मिटतो, दोन्ही हात मोकळे राहतात. आजोबांनी त्याचा एकच सूर बदलला. मधल्या सप्तकातल्या काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, मूळ सूर तुटला होता, तिथे त्यांनी गुजरातेतल्या पालिताण्याचा सूर घासून बसवला. तो लागतो अगदी नेमका, पण त्याची जात वेगळी आहे. किंचित नाकातला आहे. ज्याने थोरला एकदा लक्ष देऊन ऐकला, तो हा सूर अंधारातही ओळखेल.

आमची हत्यारं थोडीच. सूर बाहेर ओढायचा आकडा, खरवडायचं पोलादी पातं, बारीक कानस, भात्याला लावायचं कातडं आणि फेल्ट. सुराच्या टोकाशी खरवडलं की तो चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. खरवडलेलं पितळ परत येत नाही, म्हणून वडील सूर लावायला बसले की दुकानात कुणी बोलायचं नाही. ते पातं आजोबांचं आहे. मूठ दोनदा बदलली, पोलाद तेच.

आता सिनेमाकडे येतो, कारण आम्हाला उभं करणारा आणि जवळजवळ संपवणारा, दोन्ही तोच.

संगीत नाटक पडद्यावर न्यायची धडपड आजची नाही. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राचं काम केलं ते गोविंदराव टेंब्यांनी, आणि संगीतही त्यांचंच. हेच टेंबे १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतकार. तेव्हा गाणं आणि चित्र एकाच वेळी घेत, गाणारा नटच गाई. बालगंधर्वांनीही सिनेमा करून पाहिला. ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, आणि १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ रंगभूमीच्याच थाटात पडद्यावर आली. ती चालली नाही. लोक याला बालगंधर्वांचं वय आणि स्त्रीवेष ही कारणं देतात. मला वाटतं, खरं कारण नाटकाच्या प्रेक्षागृहात आहे. तिथे पद कसं सुरू होतं ते आठवा. गद्य संपत आलेलं असतं, शेवटच्या वाक्याखाली ऑर्गन हळूच षड्ज सरकवतो, नटाला आधार मिळतो आणि त्याच क्षणी शेवटच्या रांगेतला माणूसही सावरून बसतो, कारण आता पद येणार हे त्याला कळतं. सिनेमात पार्श्वसंगीत आधीपासून चालूच असतं. सूर आला हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, आणि मग पात्र एकदम का गायला लागलं, असं प्रेक्षकाला वाटत राहतं.

आमचा पहिला सिनेमा छान झाला. ऑर्गन पडद्यावर दिसायला हवा होता आणि वाजायलाही. ध्वनिमुद्रकाला पहिल्याच दिवशी पायट्यांची खुडखुड ऐकू आली. नाट्यगृहात ती कधीच कानावर येत नाही, पण माइक काही सोडत नाही. आम्ही रात्रभर बसून सांध्यांना नवं फेल्ट लावलं, मेण घातलं आणि सकाळी ऑर्गन मुका झाल्यासारखा शांत चालला. मग निघाला पट्टीचा, म्हणजे सूर किती उंच लावायचा याचा, प्रश्न. जुन्या अमेरिकन ऑर्गनचा सूर बहुधा ४३५ हर्ट्झवर लावलेला, स्टुडिओतलं सगळं ४४० वर. फरक अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाएवढा, पण व्हायोलिनं शेजारी बसली की तेवढाही टोचतो. थोरला खरवडायला मी नकार दिला. दुकानातला दुसरा ऑर्गन, आम्ही त्याला ‘धाकटा’ म्हणतो, त्याचे सगळे सूर टोकाशी घासून वर आणले. संगीतकार भला माणूस होता, त्याने पदाच्या आधीचा आलाप हेडफोनमधल्या तालाच्या टकटकीशिवाय, गायक आणि साथीदार एकमेकांसमोर बसवून घेतला. त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत आमच्या दुकानाचं नाव आहे. फ्रेम करून गल्ल्यामागे लावलंय.

२०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आला आणि सगळा बाजार बदलला. मूळ नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं. रंगमंचावर खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. बोलणारे तेच, गाणारे तेच. सिनेमात खाँसाहेब सचिन पिळगांवकर आणि गळा राहुल देशपांड्यांचा. शंकर महादेवन पंडितजी झाले आणि स्वतः गायले, महेश काळ्यांना गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो थिएटरात पुन्हा पुन्हा पाहिला, गळ्याकडे बघत. ताना घेणाऱ्या माणसाच्या मानेची शीर, हनुवटी, पोटातला दम हे ओठ हलल्यानंतर येत नाही, आधी येतं. नटाने ती तान स्वतः घोटल्याशिवाय कॅमेरा जवळ नेऊ नये. या सिनेमात ते कष्ट घेतलेले दिसतात, म्हणून तो उभा राहिला. पण नाटकातलं पद दर प्रयोगाला वेगळं येतं, वन्समोअर मिळाला तर दुसऱ्यांदा आणखी वेगळं, आणि सिनेमात एक तान कायमची ठरते. वीस मिनिटांच्या पदाची चार मिनिटं करताना कोणती तान राहील, हे आपल्याकडे बहुतेक वेळा संकलक ठरवतो. ते गायकाने ठरवायला हवं. निर्मात्यांनी हे लिहून घ्यावं.

‘कट्यार’नंतर जुन्या संगीत नाटकांच्या हक्कांसाठी बरीच मंडळी धावली. त्यातलीच एक संस्था आमच्याकडे आली. नाव लिहीत नाही. त्यांना थोरलाच हवा होता. करार झाला, उचल मिळाली, टेम्पो मुंबईला गेला. स्टुडिओत मला सांगितलं की आधी थोडं ‘रेफरन्स’ म्हणून घेतो. एका तरुण मुलाने थोरल्याची प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवून घेतली. हळू, जोरात, प्रत्येक स्टॉप, म्हणजे आवाजाचा रंग बदलायचा खटका, उघडून, गुडघ्याची पट्टी दाबून आणि सोडून. सूर स्थिर होईपर्यंत धरायचा, मग सोडायचा. भात्याचा नुसता श्वासही वेगळा घेतला. मुलगा फार मनापासून काम करत होता, मीही त्याला सगळं समजावून सांगितलं. काम आटोपलं तेव्हा म्हणाले, चित्रीकरणाच्या तारखा कळवतो. तारखा आल्या नाहीत. उरलेले पैसेही आले नाहीत.

पुढच्या हंगामात मी संगीत नाट्य स्पर्धेला एक प्रयोग ऐकायला गेलो. साथीला ऑर्गन दिसत नव्हता, एक लहान कीबोर्ड होता. नायिकेचं पद काळी चारला सा धरून सुरू झालं आणि पहिल्याच षड्जाला मी खुर्चीतून उठलो. तो आजोबांचा पालिताण्याचा सूर होता. नाकातला, किंचित जाड. मध्यंतरात मी वाजवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “काका, हा जुन्या ऑर्गनचा आवाज आहे, शहरात एक जण भाड्याने देतो. पिशवीत मावतो, टेम्पो लागत नाही.” भाडं आमच्या निम्म्याहूनही कमी. मी त्या भाड्याने देणाऱ्याला गाठलं. त्याला हा आवाज त्याच सिनेमाच्या स्टुडिओतून मिळाला होता. त्याने शांतपणे सांगितलं, “सूर कुणाच्या मालकीचे नसतात.” संस्थेकडे पत्रं धाडली, त्यांना उत्तर नाही. वकिलाने विचारलं, करारात नमुने घेण्याबद्दल, म्हणजे वाद्याचे सुटे सूर मुद्रित करून कीबोर्डात भरण्याबद्दल, काही लिहिलंय का? तेव्हा असं कलम आमच्या करारात नव्हतं, भाड्याच्या ऑर्गनचे सूर कुणी वेगळे काढून नेईल हे आम्ही कधी ऐकलेलंच नव्हतं.

मला राग पैशाचा नाही, किंवा फक्त पैशाचा नाही. नाटकात ऑर्गनवाला गायकाच्या मागून जातो. तो थांबला की थांबायचं, त्याचा श्वास भरतोय हे पाठीवरून ओळखायचं, तो सम चुकवून पुढे सरकला तर सूर ताणून धरायचा. त्या कीबोर्डात भरलेला नमुना ठरलेल्या वेळाने मिटतो. त्या प्रयोगात नायिकेने तान घ्यायचं ठरवलं आणि खालचा षड्ज आपोआप विझला. तिने पद लवकर आवरलं. प्रेक्षकांना कळलं नाही, मला कळलं. आमचा सूर तिथे होता आणि आमची साथ नव्हती, आणि दोष मात्र लोक म्हणणार, जुन्या ऑर्गनचा.

त्यानंतर कामं भराभर गळाली. एकामागून एक मंडळं म्हणू लागली, दादा, बजेट नाही. मग २०२० साली नाट्यगृहंच बंद झाली. पतसंस्थेचं कर्ज दुकानावर होतं. धाकटा विकावा लागला. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत लागला, संध्याकाळी येऊन माझ्याबरोबर पेट्या उघडायचा. भजनी मंडळांच्या पेट्यांवर आम्ही दिवस काढले. खर्ज, नर, मादी, सुरांच्या तिन्ही ओळी साफ करून सूर लावायचे आणि मिळेल ते घ्यायचं.

या काळात एका माणसाने आम्हाला सोडलं नाही. गोव्यात फोंड्याकडचे एक मास्तर, देवस्थानच्या जत्रेला दरवर्षी संगीत नाटक बसवतात. वडिलांच्या वेळेपासून त्यांचं आमच्याशी नातं. नाट्यगृहं बंद असताना, जत्रा होईल की नाही हे देवालाही ठाऊक नसताना, त्यांनी दोन हंगामांची उचल पाठवली आणि फोनवर एवढंच म्हणाले, “थोरल्याला कोरडं ठेव रे.” त्यांना कुणीतरी पिशवीतला ऑर्गनही दाखवला होता. मास्तरांनी तो वाजवून पाहिला आणि परत दिला. त्यांचं म्हणणं, माझ्या जत्रेत पहाटे तीनला भैरवी होते, तेव्हा गाणारा कुठे थांबेल ते मलाही माहीत नसतं, या यंत्राला कसं कळणार? आता थोरला दरवर्षी अनमोड घाटातून खाली उतरतो. गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून मी एक दिवस आधी जातो आणि प्रत्येक पट्टी हाताने मोकळी करतो. भाडं मास्तरांकडून वाढवून घेतलेलं नाही, घेणारही नाही.

ज्यांच्या घरात जुना ऑर्गन पडून आहे त्यांना सांगतो, तो पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी पाय चालवा, कातडं वापराने जगतं. सूर ऑनलाइन बघून स्वतः खरवडू नका. आणि भाड्याने देत असाल तर करारात स्पष्ट लिहा : वाद्याच्या सुरांचे सुटे नमुने घ्यायचे नाहीत, घेतले तर त्याचं वेगळं मानधन आणि श्रेयनामावलीत नाव. आमच्या छापील करारात हे आता पहिलं कलम आहे.

या जानेवारीत आणखी एका संगीत नाटकावरच्या सिनेमासाठी विचारणा आली. मी तीन अटी कळवल्या. नटाची पट्टी चाल बांधण्याआधी ठरवायची. निदान दोन पदं तरी गायक, तबला आणि ऑर्गन एकत्र बसवून, टकटकीशिवाय घ्यायची. आणि नमुन्यांचं कलम. पहिली आणि तिसरी त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर संगीतकाराशी बोलून कळवतो म्हणाले. ती मान्य झाली नाही तर थोरला मिरजेतून हलणार नाही, हेही मी त्यांना लेखी कळवलं आहे.